हॅलोकाकांचा गुरुवार

हॅलोकाकांना हळू बोलता यायचं नाही. म्हणजे प्रयत्न करायचे बिचारे. जवळ येऊन, तोंडावर हात धरून, "नंदे, कुणाला सांगू नकोस हं," असं म्हणायचे आणि समोरच्या बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीतून मला विचारायची, "काय गं, काय सांगू नको म्हणतायत?" त्यांनी भाजीवाल्याकडे गवार मागितली की आज त्यांच्याकडे गवार आहे हे अख्ख्या गल्लीला कळायचं. "परवाची जून निघाली रे," असं म्हणाले की त्या दिवशी भाजीवाल्याची गवार कुणी घेत नसे. देवाने या माणसाला घसा दिला, पण आवाज कमी करायचं बटण द्यायला विसरला.

आमच्या डोंबिवलीत, निदान आमच्या भागात तरी, हा आवाज न ओळखणारं माणूस सापडणं कठीण होतं. गणपतीचा मंडप असो, शाळेचं गॅदरिंग असो, मैदानातल्या टेनिस बॉलच्या मॅचेस असोत नाहीतर पाडव्याची स्वागतयात्रा, माइक काकांच्याच हातात. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते टाइम ऑफिसला होते, पण ती नोकरी म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मधली विश्रांती. सुरुवात कायम तीच. माइकवर दोनदा बोट आपटायचं, "हॅलो, हॅलो," म्हणायचं आणि मग एक बारीकसा खोकला. पोरांनी नाव पाडलं हॅलोकाका आणि ते असं चिकटलं की कुरियरवालासुद्धा "हॅलोकाकांचं घर कुठलं?" असं विचारत यायचा. खरं नाव दत्ताराम. ते मला पुढे दवाखान्यातल्या कागदावर वाचून कळलं.

गर्दीत मूल हरवलं की काकांना चेव यायचा. "कुणीही घाबरून जाऊ नये. तुमचं माणूस आपल्याकडे आहे. सुखरूप आहे. सावकाश या, पळू नका." रडणारं पोर चार वर्षांचं असलं तरी ते माणूसच म्हणायचे. मी स्वतः गणपतीत एकदा हरवलेले. काका तेव्हा तरुण होते, मिशी होती. मला टेबलावर उभं केलं, नाव विचारलं. मी कसलं सांगतेय, नुसता भोंगा पसरलेला. तर म्हणाले, "रडायचंय ना? मग इथे रड." आणि माइक माझ्या तोंडासमोर धरला. माझं रडणं चार गल्ल्यांत गेलं आणि आई तो सूर ओळखून धावत आली. आई ही गोष्ट माझ्या लग्नात माझ्या सासूला सांगत होती. काका शेजारीच उभे होते, वर मान हलवून दुजोरा देत होते!

काका प्यायचे. हे लिहिताना अजूनही मला इकडेतिकडे बघावंसं वाटतं. पण त्यांचं पिणंसुद्धा उलटं होतं. लोक प्याले की आवाज चढतो, काकांचा उतरायचा. एरवी गल्ली गाजवणारा माणूस प्याला की अगदी हळू, लहान मुलासारखा बोलायचा आणि मग बोलायचाच नाही. त्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना वास घ्यायची गरज नव्हती. सकाळी नळावर, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी काकांचा आवाज आला नाही की समजायचं. शैलाकाकी, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणालेली, "बाकीच्या बायका नवरा ओरडला की घाबरतात. मला मेलीला घर शांत झालं की धडकी भरते."

आधी महिन्यातून एखादा दिवस शांत जायचा. मग आठवड्यातून. कंपनीतून त्यांनी स्वतःच लवकर निवृत्ती घेतली, निदान सांगितलं तरी तसं. आणि मग तो पाडवा आला. यात्रा मैदानापाशी पोचलेली, ढोल थांबलेले, स्टेजवर एक हरवलेली मुलगी रडत उभी. काकांनी माइक घेतला, दोनदा बोट आपटलं. "हॅलो, हॅलो." नंतरचा खोकलासुद्धा आला. आणि पुढे काहीच नाही. माइक चालू होता, सगळ्या भोंग्यांतून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. नऊवारी नेसलेल्या बायका, फेटेवाले, सगळे वर बघत राहिले. कुणीतरी हातातून माइक काढून घेतला. काका स्टेजच्या पायरीवर बसले आणि त्या मुलीला एवढंच म्हणाले, "घाबरू नको हं." ते मला ऐकू आलं, कारण तोवर मी पोचले होते. इतक्या हळू आवाजात मी त्यांना चारचौघांत कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

माझी नोकरी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात. दुकानात दहा डॉक्टरांची माणसं येतात, म्हणून काकीने मलाच विचारलं. चौकशी करून मी माजिवड्याच्या पुढचं एक व्यसनमुक्ती केंद्र शोधलं. काका काही आठवडे तिथे राहिले. परत आले तेव्हा अंगावरचे कपडे सैल झालेले, पण रिक्षातून उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याला म्हणाले, "गाडी छान चालवतोस रे!" आणि गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. काकी दारातच रडायला लागली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

सोडताना तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची पोरगी, पण बोलणं सरळ. म्हणाली, "काका, औषधांसाठी माझ्याकडे या. पण बैठक घराजवळची धरा. पाय दुखत असले, पाऊस असला, मनात नसलं तरी जाता येईल इतकी जवळची. इथून बरं होऊन गेलेली लांबची माणसं मला पुन्हा दिसत नाहीत, हाच माझा अनुभव आहे." आणि तिने एक पत्ता सांगितला. दारू सोडलेल्या लोकांची संध्याकाळची बैठक, आमच्याच गल्लीच्या मागच्या शाळेत. काकी हरखली. "अगं बाई, मी दूध आणायला त्याच्यापेक्षा लांब जाते!"

काका मात्र खुर्चीत सावरून बसले. "मॅडम, तिथे नाव सांगायचं नसतं म्हणता. कबूल. पण माझं नाव कुणाला हवंय? मी नुसतं नमस्कार म्हटलं की खेळ खलास. त्या शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी मीच असतो." मॅडम आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मी म्हटलं, "काका, पाडव्याला सगळ्यांनी बघितलंय, आता काय लपवायचं राहिलंय?" तर म्हणाले, "पडलेला लोकांनी बघणं वेगळं, नंदे. आपल्या तोंडाने त्यांच्यासमोर सांगणं वेगळं." ठाण्यात त्यांना कोण ओळखतं? म्हणून ठाणं. केंद्रातच दर गुरुवारी बैठक असायची, तीच धरायची ठरली.

गुरुवार त्यांना सोयीचा वाटला, कारण गुरुवारी माणूस कुठेही गेला तरी लोक दत्ताला गेला असं धरून चालतात. गल्लीत जाहीर झालं (काकांच्या बाबतीत सगळं जाहीरच व्हायचं) की ते ठाण्याला एका मठात जातात. आता मठात जातो म्हटल्यावर लोक प्रसाद मागणार. मग काय, दर गुरुवारी येताना काका ठाणे स्टेशनजवळून पेढे घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर वाटायचे. "घ्या, महाराजांचा प्रसाद!" सगळ्या गल्लीला खरं काय ते माहीत होतं आणि सगळी गल्ली हात पुढे करून, डोळे मिटून प्रसाद घेत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने तर एकदा नवस बोलायला सांगितला. काका म्हणाले, "बोलतो की!" आणि मला जिन्यात गाठून विचारलं, "आता हा कुठे बोलू गं?"

जाताना ते माझ्या दुकानात टेकायचे. डोंबिवलीहून गाडीने ठाणे, तिथून चालत नौपाडा, माझ्याकडे चहा, मग शेअर रिक्षाने माजिवडा नाका, आणि नाक्यावरून पुढे मिळेल ते. चहा येईपर्यंत काका बाकावर बसून नंबर तपासायचा तक्ता वाचायचे. मनात वाचणं माहीत नाही! आतल्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं आणि बाहेरून काकांच्या खणखणीत आवाजात एकेक ओळ. एका आजोबांनी ते ऐकून शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड म्हणून दाखवली. आमचे मालक चकित! मग आजोबांची नजर खरोखर तपासली तर समोरचा तक्ता भिंतीवर आहे की दारावर इथपासून गोंधळ. मालकांनी काकांना तेव्हापासून तक्त्याकडे पाठ करून बसवायला सुरुवात केली.

काही महिने छान गेले. मला वाटायचं, आता गाडी रुळावर आली. पण एकदा येताना ते दुकानात आले ते चेहरा उतरवूनच. मी विचारलं तर म्हणाले, "जाताना मी मजेत असतो गं. भीती येतानाची असते. तिथे सगळं आतलं बाहेर काढायला लावतात. कांदा सोलतात तसा सोलतात माणसाला. बरं वाटतं तेव्हा, खोटं नाही सांगत. पण मग त्या सोललेल्या माणसाला माजिवड्याच्या नाक्यावर रिक्षा मिळत नाही. मी उभा. समोर बारचे दिवे. घर दोन तास लांब. आणि तो बार, नंदे, रस्ता ओलांडला की आला." मला आधी हसू आलं, मग मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. दुकान सोडून मी दर गुरुवारी त्यांना आणायला जाऊ शकत नव्हते, आणि काकीचे गुडघे असे की तिला स्टेशनचे जिने चढणं कठीण. मी फक्त म्हटलं, "फोन करत जा मला नाक्यावरून." तेवढंच माझ्या हातात होतं.

ते करायचे फोन. मी कानापासून लांब धरून बोलायचे, तरी गिऱ्हाइकांना सगळं ऐकू जायचं. "उभा आहे गं. रिक्षा नाही. हां, आली आली, बसतो." असा तो नाका आम्ही कितीतरी गुरुवार फोनवरून ओलांडला.

मग एका गुरुवारी हायवेवर मेट्रोच्या कामापाशी काहीतरी उलटलं आणि सगळं तुंबलं. काका माझ्याकडून वेळेवर निघाले होते. पोचले तेव्हा बैठक संपून तिथल्या खोलीला कुलूप लागलेलं. वॉचमन म्हणाला, पुढच्या गुरुवारी या. त्यांचा फोन आला, "बंद झालं गं." मी म्हटलं, "काका, तिथेच थांबा, मी मालकांना सांगून येते." "छे छे, तू कशाला? मी येतो ना चालत." बोलले तेव्हा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. मी चहा सांगून ठेवला. काका दुकानात आलेच नाहीत.

शुक्रवारी सकाळी गल्ली शांत होती. प्रसाद आला नाही. प्रसाद का आला नाही, असं कुणीही विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी म्हटलं चला, तर म्हणाले, "काय तोंड घेऊन जाऊ? पहिल्या बाकावर बसतो मी तिथे." मी समजावलं, तिथे सगळे असेच आहेत, सगळ्यांचं कधी ना कधी असं झालेलं असतं. काकीने हात जोडले. त्या गुरुवारी गेले नाहीत, पुढच्याला गेले, मग दोन चुकवले. डोंबिवली ते माजिवडा अंतर तेवढंच होतं, पण एक गुरुवार चुकला की पुढच्याला ते ठिकाण त्यांच्यासाठी आणखी लांब जायचं. कधी पाय दुखायचे, कधी गाड्यांचा घोळ, कधी पाऊस. मॅडमनी सांगितलेली एकेक गोष्ट खरी होत होती आणि आम्ही बघत होतो.

मी शेवटी चिडले. म्हटलं, "चला आत्ता त्या शाळेत! मी येते बरोबर. मीही पिते म्हणून सांगते, मग तर झालं?" काका कितीतरी दिवसांनी हसले. "तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? चहात साखर जास्त पडली तर तुला चक्कर येते." विषय तिथेच संपला. माणूस हसला म्हणून मीही गप्प बसले.

पण ते शाळेपर्यंत जात होते. काकीने खिडकीतून पाहिलं होतं. संध्याकाळी पाय मोकळे करतो म्हणून निघायचे, माकडटोपी घालायचे, भर उन्हाळ्यात! शाळेच्या गेटपाशी उभे राहायचे, आत एका वर्गात दिवा असायचा तिकडे बघायचे आणि परत फिरायचे. एकदा जिन्यात मला भेटले तेव्हा आपणहून म्हणाले, "आज आतून एक माणूस बाहेर आला होता गं. या ना म्हणाला. चांगला होता." मी म्हटलं, "मग?" "मग काय? मान हलवली आणि आलो." "अहो, दोन शब्द बोलायचे तरी!" "बोललो असतो तर ओळखलं असतं ना त्याने." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. आता त्यांचा आवाज बहुतेक दिवस असाच असायचा.

नंतरचं सांगण्यासारखं नाही. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. आम्ही डॉक्टर बदलले, पथ्य केलं, काकीने उपास केले. बाटली काढून घेतली की ते भांडायचेही नाहीत, नुसते बघायचे. भांडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. शेवटी दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा बोलता येत नव्हतं. मला बघून त्यांनी पलंगाच्या दांडीवर दोनदा बोट आपटलं. मग बारीकसं खोकले. मी वाट बघत उभी राहिले, वाटलं आता काहीतरी म्हणतील. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

दिवसकार्य झालं आणि एका संध्याकाळी काकी माझ्या दारात आली. पातळ नेसून, केस विंचरून. म्हणाली, "चल माझ्याबरोबर. ते जिथे जात नव्हते ना, तिथे मला एकदा जाऊन बघायचंय." मी चपला घातल्या. तिच्या गुडघ्यांनीसुद्धा आम्ही दूधवाल्यापर्यंत जावं तेवढ्या वेळात शाळेत पोचलो.

वर्गाच्या दाराशी एक गृहस्थ उभे होते. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला, आणि दोघंही दचकलो. आमचं गिऱ्हाईक! दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहतात, चष्म्याच्या काड्या सैल आहेत म्हणून महिन्यातून एकदा तरी येतात. त्यांचा चेहरा लालबुंद. "मॅडम, तुम्ही इथे? म्हणजे... कुणाला सांगू नका हं." मी म्हटलं, "नाही हो, आम्ही फक्त बघायला आलोय," आणि काकी कोण ते सांगितलं. ते जरा सैलावले, आम्हाला आत नेऊन बाकावर बसवलं.

मला विचारल्याशिवाय राहवेना. "तुम्ही नौपाड्याहून इतक्या लांब इथे येता?"

"मग काय करणार? ठाण्यात सगळे ओळखतात. इथे कोण ओळखतंय?" त्यांनी वर्गाकडे हात केला. "हे कल्याणचे, ते मुलुंडचे, ते तिकडे बसलेत ते ठाण्याचेच, माझ्यासारखे. डोंबिवलीचा इथे कुणी नाही हो. आपल्या गावात कोण बसणार? डोंबिवलीचे सगळे तिकडे ठाण्याला जातात."

मी काकीकडे बघायचं टाळलं. त्या वर्गातल्या एकाही माणसाने हॅलोकाकांचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. नमस्कार म्हणाले असते तर लोकांनी नमस्कार म्हटलं असतं, बस्स.

काकी सावकाश म्हणाली, "आमचे हे गेटपर्यंत यायचे. उंच होते. टोपी घालून."

गृहस्थांनी कपाळावर हात मारला. "माकडटोपी? अहो, मीच दोन-तीनदा बाहेर जाऊन बोलावलं त्यांना. नुसती मान हलवायचे. तोंडातून शब्द नाही. आम्ही इथे बोललोसुद्धा त्यांच्याबद्दल." मग म्हणाले, "आम्हाला वाटलं, मुके आहेत. बोलता येत नाही म्हणून आत यायला लाजत असतील."

काकी आधी हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून. मग तिने समोरच्या बाकावर डोकं टेकलं आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. कुणीतरी पाणी आणून ठेवलं. माझ्या बाजूलाच खिडकी होती. तिथून शाळेचं गेट समोर दिसतं. आतून हाक मारली तर ऐकू जाईल, इतकं जवळ आहे ते.